बाकी एक लाख सत्तर हजार: एका ऊसतोड कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण २०२४-२५ च्या गाळप हंगामातलं, मजुरांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आमच्या संस्थेकडं आलेलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं, कारखान्याचं आणि कुणाचंच नाव दिलेलं नाही. कुटुंबातल्या माणसांना नात्यानंच ओळखलं आहे: थोरला, धाकटा, थोरली, धाकटी. मुकादम, म्हणजे आगाऊ पैसे देऊन मजुरांची टोळी तोडणीला नेणारा माणूस, तोही नात्यातलाच होता. तो थोरल्याचा साडू, म्हणजे थोरलीच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. हे नातं लक्षात ठेवा, पुढं प्रत्येक वळणावर ते आडवं येतं.

पार्श्वभूमी

गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलूप लागतं. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेसाठी ठेवलेली लेकरं. या कुटुंबाची तीन एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन निघालं की घरातलं मोठं काम संपतं, मग ऊसतोडीला जायचं. दोघा भावांच्या बापानं आयुष्यभर हेच केलं.

ऊसतोडीत मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती गोळा करून मोळी बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा पुरुष अर्धा कोयता म्हणून चालत असेल असं कुणाला वाटेल, पण बायको आजारी पडली की त्या दिवशी अख्खा कोयता बंद असतो. या घरातून दोन कोयते गेले होते. प्रत्येक कोयत्याला एक लाख रुपये उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, मिळाली होती. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच हातात पडली आणि दिवाळीच्या आत संपलीही. थोरल्याच्या मुलाची कॉलेजची फी, मागची उधारी, म्हाताऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन.

ज्या भागात ते तोडायला गेले तिथं साखरेनं सुबत्ता आणली हे कुणी नाकारू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, तिथलं गाळप १९५० मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या काही दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या भोवती रस्ते, शाळा, इंजिनिअरिंग कॉलेजं, दवाखाने, दूध संघ आले. हा विकास डोळ्यांना दिसतो. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे, ती कायद्याच्या कागदावरही दिसते. ऊस उत्पादकाचं बिल किती दिवसांत द्यायचं हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे: १४ दिवसांत. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २०२४-२५ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, होती. तोच टन तोडून, बांधून, डोक्यावरून गाडीत भरणाऱ्या जोडीला ३६६ रुपये, आणि तेही जानेवारी २०२४ मध्ये ठरलेल्या ३४ टक्के वाढीनंतर. रकमेतल्या फरकापेक्षा मला दुसरा फरक जास्त खटकतो. शेतकऱ्याकडं पावती आहे, नोंद आहे, कायदा आहे. तोडणाऱ्याकडं कारखान्याचा एकही कागद नाही. कारखान्याचा करार वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी. यातला शेवटचा करार तोंडी, किंवा कोऱ्या बाँडवर घेतलेला अंगठा.

पेच

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं आणि ट्रक निघाले. कारखाना खऱ्या अर्थानं नोव्हेंबरअखेर सुरू झाला. ऊस कमी होता. त्या वर्षी राज्याचं साखर उत्पादन आधीच्या हंगामातल्या सुमारे ११० लाख टनांवरून ८० लाख टनांच्या आसपास आलं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात या कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. सगळे मिळून ८५ दिवस.

टोळीत बारा कोयते होते. पट्टा पडल्यावर दहा कोयते ट्रकमध्ये बसून गावी आले, आमचे दोन मागं राहिले. मुकादम म्हणाला, यांच्याकडं बाकी जास्त आहे, ती फिटेपर्यंत इथंच काम करतील. कारखान्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका बागायतदाराच्या शेतात त्यांना ठेवलं. कांदा काढणी, पाचट गोळा करणं, मग लागणीचं काम. मजुरी थेट मुकादमाकडं जायची. राहायला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी. आधार कार्डं आणि थोरल्याच्या मोटरसायकलची कागदपत्रं मुकादमानं 'जपून' ठेवलेली.

मारहाण झाली नव्हती, कोपीला कुलूपही नव्हतं. नियम एवढाच होता की आठवडी बाजाराला एकानं जायचं, बाकी तिघं आणि लेकरं इथंच. हे आम्हाला नंतर धाकटीनं सांगितलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिनं ओळखीच्या चिटबॉयच्या (तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) फोनवरून गावातल्या शेजाऱ्याला फोन लावला होता. दुसऱ्या दिवशी म्हातारा त्या शेजाऱ्याला घेऊन आमच्या कार्यालयात आला. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता. "साहेब, पोरं तिकडंच हायती. दाजी लोक हाय, भांडण नको. पण आणा."

सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं: भांडण नको, पण आणा.

हिशोब

पहिल्यांदा आम्ही हिशोब मांडला. त्याशिवाय पुढचं काहीच बोलता येत नाही.

मुकादमाच्या वहीप्रमाणं दोन उचली दोन लाख. बारा आठवड्यांची खर्ची (पोटापाण्यासाठी दिलेले पैसे), कोयत्याला आठवड्याला दीड हजार, म्हणजे ३६ हजार. धाकटी जानेवारीत तापानं नऊ दिवस पडून होती. खाड्याला, म्हणजे कामावर न गेल्याबद्दल, दिवसाचा हजार रुपये दंड, नऊ हजार. गाडीभाडं-दवाखाना म्हणून १३,२०६. त्यातून २४१ टनांची मजुरी, ८८,२०६ रुपये, वजा करायची. बाकी बरोबर एक लाख सत्तर हजार. इतका गोल आकडा मला कुठल्याही वहीत संशयास्पदच वाटतो.

धाकटीनं वजनाच्या पावत्यांवरचे आकडे मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. चौथीपर्यंत शिकलेली बाई. टोळीच्या एकूण वजनातून दोघा कोयत्यांच्या वाट्याला २७८ टन येत होते. मुकादमाच्या वहीत ३७ टन कमी, म्हणजे १३,५४२ रुपये. पण हे ३७ टन मिळाले असते तरी दीड लाखाच्या वर बाकी राहतच होती, हेही खरं. आणि मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. मुकादमानं वजनात मारलं हे वाईट, पण बाकी राहण्याचं मोठं कारण वजनातली चोरी नव्हती. पाच महिने कारखाना चालला असता, कोयत्याचे १३५ दिवस भरले असते, तर दिवसाला दोन टनांप्रमाणं ९८,८२० रुपये झाले असते आणि खर्ची सोडली तर उचल जवळजवळ फिटली असती. हंगाम आखूड झाला तो पावसामुळं, उसाच्या कमी लागवडीमुळं आणि निवडणुकीमुळं. नवरा-बायकोच्या हातात यातलं काहीच नव्हतं. तरी आखूड हंगामाचा सगळा तोटा बाकी म्हणून त्यांच्या नावावर चढला.

खाड्याचंही तेच. थोरलीची गर्भपिशवी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी काढलेली. नंतर तिला कारण विचारलं तर म्हणाली, "पाळीत दोन दिस गेले की खाडा. पोटात दुखायचंच, डॉक्टर म्हणला काढून टाका." २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या आकड्यातली एक बाई समोर बसून चहा फुंकून पीत होती.

मुकादमाचीही बाजू इथंच सांगतो. त्यानं ठेकेदाराकडून बारा कोयत्यांचे पैसे उचलले होते. कमिशन वीस टक्के मिळतं खरं, पण कोयते पळाले तर भरपाई त्याच्या जमिनीतून. आधीच्या वर्षी दोन कोयते पळाल्यानं त्यानं एक एकर गहाण टाकलं होतं. तो खलनायक असता तर आमचं काम सोपं झालं असतं.

समोरचे पर्याय

गावात सगळ्यांना माहीत असलेला रस्ता म्हणजे पैसे भरून सोडवणं. पैसे येणार कुठून? पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती पहिल्याला द्यायची. घरचे चार दिवसांत परततात, कुणाशी वैर येत नाही, फक्त पुढचं वर्ष आधीच विकलं जातं. म्हाताऱ्याचा कल इकडंच होता.

दुसरा रस्ता पोलिसांचा. इथल्या ठाण्यात गेलो तर उत्तर ठरलेलं: हद्द आमची नाही, आणि डांबून कुठं ठेवलंय, शेतात काम करतायत की. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून पुढं पाठवायचा असतो, हे कायद्यात आहे. ते आम्हाला माहीत होतं, तरी आम्ही ताणून धरलं नाही. भीती उलट तक्रारीची होती. उचल बुडवली की मुकादम फसवणुकीची तक्रार देतो आणि ती मात्र लगेच घेतली जाते, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहिलंय.

तिसरा रस्ता वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६. यात कलम ६ प्रमाणं असं कर्जच संपुष्टात येतं. कलम १५ प्रमाणं 'ही वेठबिगारी नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी सावकाराची, मजुराची नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ च्या एशियाड मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करावं लागणारं काम राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीचं श्रम ठरवलं. डिसेंबर १९८३ मध्ये तर सक्तीनं काम करून घेतलं जात असेल तिथं उचलीपोटीच ते होतंय असं गृहीत धरावं, इथपर्यंत न्यायालय गेलं. कागदावर याच्याइतकं भक्कम काही नाही. प्रत्यक्षात 'वेठबिगार' हा शब्द अर्जात दिसला की अधिकारी सावध होतात, कारण मग जिल्ह्यात वेठबिगारी आहे हे मान्य करावं लागतं.

कारखान्याशी बोलून दबाव आणायचा हाही पर्याय होता. शेतकी अधिकाऱ्यानं फोनवर सभ्यपणे सांगितलं, "आमचा करार ठेकेदाराशी आहे." पुढं काही नाही.

आमच्यात दोन दिवस वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, आधी माणसं घरी आणा, कायदा नंतर. माझं म्हणणं, पैसे भरून आणली तर कायद्यासाठी काही उरतच नाही, कारण बाकी देणं आपणच मान्य केलेलं असतं. शेवटी ठरलं ते असं: वेठबिगार कायद्याखाली अर्ज करायचा, पण कुटुंबाला विचारून. आणि 'कुटुंबाला विचारणं' म्हणजे आम्ही म्हाताऱ्याला विचारलं. ही चूक होती, त्याविषयी शेवटी.

काय केलं

कारखाना ज्या जिल्ह्यात त्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि तिथल्या प्रांताधिकाऱ्यांना सविस्तर अर्ज ईमेलनं पाठवला. सोबत धाकटीच्या वहीच्या पानांचे फोटो. तेच पान सगळ्यात उपयोगी पडलं. प्रांतांचा दुसऱ्या दिवशी फोन आला, हे त्यांचं श्रेय. चौथ्या दिवशी नायब तहसीलदार, कामगार खात्याचे एक अधिकारी आणि दोन पोलीस शेतावर गेले. आम्हीही गेलो.

बांधावर मुकादम होता, बागायतदार होता, दोघांनी चहा मागवला होता. अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोरच थोरल्याला विचारलं, "तुम्ही इथं स्वखुशीनं राहिलात का?" थोरल्यानं मुकादमाकडं पाहिलं, मग जमिनीकडं. म्हणाला, "व्हय, कामावर हाव." थोरली गप्प. नंतर गाडीत ती मला म्हणाली, "दाजींवर केस केली तर बहिणीच्या घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

अधिकाऱ्यांची लेखणी 'आर्थिक वाद' असं लिहायला लागली होती. तेवढ्यात धाकटी कोपीतून बाहेर आली. मुलगी कडेवर नव्हती, हाताला धरलेली, आठ वर्षांची. धाकटी म्हणाली, "आधार कार्ड आमच्याकडं न्हाई. बाजाराला एकानं जायचं. पोरगी दिवाळीपसून शाळेत न्हाई. खुशी विचारता तर आत्ता जातो म्हणा, बघा सोडतेत का." कामगार अधिकारी उठून उभे राहिले, म्हणाले, "मग आत्ताच चला." मुकादम लगेच म्हणाला, "जातील की, पण बाकीचं काय?" ते वाक्य पंचनाम्यात शब्दशः आलं. माझ्या मते सगळं प्रकरण त्यावर उभं राहिलं.

त्या रात्री चौघं आणि लेकरं सरकारी गाडीनं निघाली. आधार कार्डं परत मिळाली, मोटरसायकलची कागदपत्रं मात्र नाहीत.

निष्पत्ती

प्रांतांसमोर धाकट्यानं आणि धाकटीनं जबाब दिला. थोरल्यानं दिला नाही. त्यामुळं मुक्तता प्रमाणपत्र धाकट्या जोडीलाच मिळालं, तेही दीड महिन्यानं आणि चार हेलपाट्यांनंतर. त्यांची बाकी कायद्यानं संपली. तातडीच्या मदतीचे ३० हजार रुपये दिवाळी उलटल्यावर खात्यात आले. योजनेतली पुनर्वसनाची मोठी रक्कम मुकादमाविरुद्धच्या संक्षिप्त सुनावणीच्या निकालाशी जोडलेली असते. ती सुनावणी हे लिहीपर्यंत तारखेवर तारीख चालू आहे.

थोरल्यानं नात्यातल्या बैठकीत ६० हजारांवर तडजोड केली. पैसे दुसऱ्या मुकादमाच्या उचलीतून. मोटरसायकलची कागदपत्रं त्याच बैठकीत परत आली. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाला कायदा मिळाला आणि एकाला रिवाज. दोघं वेगळे राहायला लागले. त्यामागं इतरही कारणं होती, पण या प्रकरणानं भर घातली हे नाकारता येत नाही.

मुलीला तालुक्याच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळवता आला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची ही वसतिगृहं आणि कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये घेऊन उभं राहिलेलं कल्याण महामंडळ या दोन चांगल्या गोष्टी आहेत. पण या दोन्ही गोष्टी लेकरांना आणि मजुरांच्या अडीअडचणीला आधार देतात. उचलीच्या वहीला हात लावत नाहीत.

२०२५ च्या हंगामात पंचक्रोशीतल्या एकाही मुकादमानं धाकट्याला उचल दिली नाही. 'केसवाला' म्हणून नाव झालं. तो पुण्याला बांधकामावर गेला, धाकटी गावात शेळ्या सांभाळून मजुरीला जाते. हा परिणाम आम्हाला आधी दिसायला हवा होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक: आम्ही म्हाताऱ्याची संमती ही कुटुंबाची संमती धरली. फोन धाकटीनं केला होता, हिशोब धाकटीनं ठेवला होता, आणि तिच्याशी आमचं पहिलं नीट बोलणं बांधावर झालं. फोन आला त्याच रात्री चिटबॉयमार्फत तिच्याशी आणि थोरलीशी वेगवेगळं बोलता आलं असतं. थोरलीची अडचण तेव्हाच कळली असती. कदाचित थोरल्यासाठी आम्ही वेगळा रस्ता काढला असता: मुकादमाला बाजूला ठेवून ठेकेदार आणि बागायतदार यांनाच अर्जात पुढं करायचं. मजुरी बागायतदार देत होता, हे विसरायला नको होतं.

दुसरं, जबाब घटनास्थळी, मुकादमासमोर घेऊ दिले. अधिकाऱ्यांना गाडीपाशी वेगळं घ्या म्हणायला कुठलीही हिंमत लागत नव्हती. सुचलंच नाही. आता आमच्या अर्जाच्या नमुन्यात ही विनंती पहिल्या परिच्छेदात असते.

कारखान्याला आम्ही फार लवकर सोडलं. शेतकी अधिकाऱ्याच्या एका वाक्यावर थांबलो. वजनकाट्याच्या नोंदी कारखान्याकडं असतात, तोडणी कुणी केली हे तिथं टोळीच्या क्रमांकावर दिसतं. त्या नोंदी लेखी मागितल्या असत्या तर वहीच्या मागच्या पानावर सगळा भार पडला नसता.

पोलिसांच्या बाबतीत मी अजूनही ठाम नाही. ताणून धरलं असतं तर गुन्हा नोंदला गेला असता आणि धाकट्याची रक्कम कदाचित लवकर सुटली असती. पण थोरली मग बहिणीच्या घरी कधीच गेली नसती. सहकाऱ्याचं मत वेगळं आहे, तो म्हणतो तसंही ती गेलेली नाही.

थोरल्याचा कोयता यंदा पुन्हा गेला, उचल एक लाख वीस हजार. निघण्याआधी तो कार्यालयात आला होता. आम्ही त्याला दोन वह्या दिल्या, टन लिहायला. एक त्यानं परत ठेवली. म्हणाला, एकच पुरे, थोरलीला लिहिता येत नाही, मीच लिहीन. मग दारातून वळून त्यानं विचारलं, "धाकटी कशी लिहायची, तारीख आधी का टन आधी?"